सामाजिक आणि सांस्कृतिक भांडवल व मूलनिवासी समाजांच्या वाट्याला आलेली विषमता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सामाजिक भांडवल आणि सांस्कृतिक भांडवल म्हणजे नेमके काय?

जमीनजुमला, घर आणि बँकेतील शिल्लक एवढ्यावरच माणसाची समाजातील पत ठरत नाही. त्याची ओळखपाळख कोणाशी आहे, अडचणीच्या वेळी कोण त्याच्यासाठी शब्द टाकेल, तो कोणत्या ढंगाने बोलतो, कोणते प्रमाणपत्र पुढे करू शकतो, यांवरही ती ठरते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू (१९३०–२००२) यांनी या गोष्टींना भांडवल म्हटले, कारण पैशाप्रमाणेच त्या साठवता येतात, पुढच्या पिढीला देता येतात आणि एका रूपातून दुसऱ्या रूपात वळवता येतात. नात्यागोत्यांतून, ओळखींतून आणि परस्परविश्वासातून मिळणारे बळ म्हणजे सामाजिक भांडवल. सांस्कृतिक भांडवलाची त्यांनी तीन रूपे सांगितली: लहानपणापासून अंगी मुरलेली भाषा, सवयी व जाण, पुस्तके, वाद्ये, चित्रे यांसारखे वस्तुरूप, आणि पदवीसारखे संस्थेने शिक्का मारलेले रूप.

पुढे जेम्स कोलमन आणि रॉबर्ट पुटनम या अमेरिकी अभ्यासकांनी सामाजिक भांडवलाची कल्पना निराळ्या दिशेने नेली. त्यांच्या मांडणीत परस्परविश्वास ही साऱ्या समाजाला उपयोगी पडणारी ठेव आहे, तर बूर्द्यूंच्या मांडणीत ती वर्चस्व टिकवण्याचेही साधन आहे. मूलनिवासी समाजांचा विचार करताना बूर्द्यूंची मांडणी अधिक कामाची ठरते, कारण कोणाचे भांडवल वटते आणि कोणाचे वटत नाही, हा प्रश्न ती टाळत नाही.

मूलनिवासी समाज कोणाला म्हणतात, आणि त्यांची संख्या किती आहे?

सर्वमान्य अशी एकच व्याख्या नाही. वसाहतकारांच्या किंवा नंतर आलेल्या बहुसंख्याकांच्या आधीपासून त्या भूमीशी असलेले नाते, स्वतंत्र भाषा व संस्था, आणि स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा अधिकार हे निकष सहसा लावले जातात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार सुमारे ९० देशांत मिळून ४७.६ कोटी मूलनिवासी राहतात. जगाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा सुमारे ६ टक्के असला, तरी अतिदारिद्र्यात जगणाऱ्यांमध्ये तो १९ टक्क्यांच्या आसपास आहे.

मूलनिवासी समाजांकडे सांस्कृतिक भांडवल कमी असते, म्हणून ते मागे राहतात, हे खरे आहे का?

हा समज सर्वाधिक आढळतो आणि सर्वाधिक दिशाभूलही तोच करतो. शेकडो वनस्पतींचे गुणधर्म, नदीच्या प्रत्येक वळणाचे नाव, अनेक पिढ्यांची वंशावळ आणि तिच्याशी जोडलेले हक्क तोंडपाठ असणाऱ्या समाजाकडे ज्ञानाची वाण आहे, असे म्हणता येत नाही. अडचण अशी, की शाळा, न्यायालय, बँक, नोकरीची मुलाखत अशा ज्या ठिकाणी भांडवलाची किंमत ठरते, तिथले मापदंड दुसऱ्याच समाजाने घालून दिलेले असतात.

कॅनडातील एका खटल्यात हे अगदी जवळून पाहायला मिळते. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील गिट्क्सान आणि वेट्सुवेटेन या समाजांनी आपल्या पूर्वापार भूमीवरील हक्कासाठी दावा लावला आणि १९८७ मध्ये त्याची सुनावणी सुरू झाली. गिट्क्सान परंपरेत प्रत्येक घराण्याचा इतिहास, त्याचे गाणे आणि त्याची भूमी एकमेकांत गुंफलेली असतात, आणि गाणे हा त्या इतिहासाचा भाग असतो. साक्षीला उभ्या राहिलेल्या एका वयोवृद्ध स्त्रीने असे गाणे म्हणायला घेतले, तेव्हा आपल्याला गाण्याचा कान नाही, ते गाऊन काही उपयोग होणार नाही, अशा अर्थाचे बोल न्यायाधीशांनी काढले. १९९१ च्या निकालात त्यांनी मौखिक परंपरेला स्वतंत्र पुरावा म्हणून फारसे महत्त्व दिले नाही आणि दावा फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९७ रोजी तो निकाल बाजूला सारला आणि मौखिक इतिहासाला लेखी दस्तऐवजांच्या बरोबरीचे स्थान द्यावे, असे सांगितले. त्या स्त्रीच्या ज्ञानात या दहा वर्षांत काही भर पडली नव्हती. फरक पडला तो ऐकणाऱ्यांच्या कसोटीत.

अमेरिकेतही असेच घडले. नावाहो या मूलनिवासी जमातीच्या मुलांनी शाळेत स्वतःची भाषा बोलली तर त्यांना शिक्षा होई. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला शत्रूला न उलगडणारी सांकेतिक भाषा हवी झाली, तेव्हा १९४२ पासून त्याच भाषेच्या जाणकारांना बोलावून घेतले गेले. गरज सरकारला पडली, म्हणून भाषेला किंमत आली.

मूलनिवासी समाजांत एकी आणि नातेसंबंध घट्ट असतात, असे ऐकतो. मग सामाजिक भांडवल कमी कसे पडते?

सामाजिक भांडवल एकाच प्रकारचे नसते. आप्तस्वकीयांना जोडणारे, वेगवेगळ्या समूहांमध्ये पूल बांधणारे, आणि सत्ता असलेल्यांपर्यंत पोहोचवणारे असे तीन प्रकार अभ्यासक मानतात. मायकल वूलकॉक यांनी ठळक केलेला तिसरा प्रकार म्हणजे, रोखठोक भाषेत सांगायचे तर, वशिला. अधिकारी, बँकेचा व्यवस्थापक, वकील, संपादक यांच्यापैकी कोणी तरी आपला फोन उचलेल, ही खात्री त्यात असते. पहिल्या प्रकारात मूलनिवासी समाज बहुधा संपन्न असतात आणि अनेकदा बहुसंख्याकांपेक्षा सरसही ठरतात. नोकरीची खबर मात्र जवळच्या माणसांपेक्षा दूरच्या ओळखींतून अधिक येते, हे मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवून दिले होते. ज्याचे सगळे आप्त एकाच वस्तीत राहतात आणि सारखेच बेरोजगार आहेत, त्याला घट्ट नाती जेवू घालतात, पण कामाला लावू शकत नाहीत.

ही दरी आपोआप पडलेली नाही, हे आवर्जून सांगायला हवे. कॅनडाच्या पश्चिमेकडील गवताळ प्रांतांत १८८५ नंतर मूलनिवासींना त्यांच्यासाठी ठरवून दिलेल्या राखीव वस्तीबाहेर जायचे तर सरकारी एजंटाची चिठ्ठी लागे. या पद्धतीला कायद्याचा आधार नव्हता, तरी ती अनेक दशके चालली. १९२७ ते १९५१ या काळात जमिनीच्या दाव्यासाठी सरकारी परवानगीशिवाय पैसे गोळा करणे किंवा वकिलाला फी देणे हा गुन्हा होता. बाहेर जायचे नाही, वकील लावायचा नाही, वर्गणी काढायची नाही, असे निर्बंध घालणाऱ्या राज्यव्यवस्थेने नंतर त्याच समाजाला ‘बाहेरच्या जगाशी संपर्क नसलेला’ म्हणावे, यात चमत्कारिक धीटपणा आहे.

समाजांतर्गत भांडवलही या कायद्यांच्या तडाख्यातून सुटले नाही. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील समाजांत ‘पॉटलॅच’ हा सोहळा नामकरण, वारसा, विवाह अशा प्रसंगी होत असे; यजमान पाहुण्यांना भरभरून वस्तू वाटे आणि त्या स्वीकारणारे पाहुणे त्याच्या हक्काचे साक्षीदार बनत. कॅनडाने १८८५ पासून १९५१ पर्यंत त्यावर बंदी घातली. संपत्ती उधळण्याची ही रानटी रीत आहे, असे बंदी घालणाऱ्यांना वाटत होते. प्रत्यक्षात संपत्तीचे रूपांतर नात्यांत, मानात आणि हक्काच्या नोंदीत करणारी ती एक व्यवस्था होती.

नातेसंबंधांचा भार होतो का?

होतो, आणि हे सांगताना संकोच करण्याचे कारण नाही. समूहाचे बंध व्यक्तीवर जबाबदाऱ्याही लादतात आणि कोणी वेगळ्या वाटेने निघाला तर त्याला मागेही खेचतात, हे आलेहांद्रो पोर्तेस यांनी १९९८ मध्ये सामाजिक भांडवलाच्या काळ्या बाजूविषयी लिहिताना दाखवले. ऑस्ट्रेलियातील ॲबोरिजिनल समाजांत नातेवाइकाने मागितले तर नाही म्हणता येत नाही, या रीतीचा अभ्यास निकोलस पीटरसन यांनी केला आहे. कुटुंबात एकच माणूस पगारदार असेल, तर त्याच्या पगारावर बारा जणांचा हक्क सांगितला जाऊ शकतो, आणि बचत करणे अवघड होते.

परंतु ही रीत म्हणजे विषमतेचे कारण, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. अनिश्चित उत्पन्नाच्या जगात तीच विम्याचे काम करते. आज देणाऱ्यावर उद्या मागण्याची वेळ येते. बारा जणांमध्ये पगारदार एकच का, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

निवासी शाळांनी नेमके काय हिरावून घेतले?

कॅनडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत सुमारे १,५०,००० मूलनिवासी मुले निवासी शाळांत ठेवली गेली. सरकार पैसा पुरवी आणि शाळा प्रामुख्याने चर्च चालवत. मूल दाखल झाले की केस कापले जात, घरचे कपडे काढून घेतले जात, बऱ्याच ठिकाणी नवे नाव किंवा क्रमांक दिला जाई, आणि भावाबहिणींना वेगळे ठेवले जाई. मातृभाषा बोलल्यास मार बसे. शारीरिक व लैंगिक अत्याचार, उपासमार आणि क्षयरोग यांच्या नोंदी विपुल आहेत; हजारो मुले दगावली. २०१५ मध्ये सत्य व सलोखा आयोगाने या धोरणाला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले आणि कृतीसाठी ९४ आवाहने केली. अमेरिकेत १८७९ मध्ये सुरू झालेली कार्लाइल येथील शाळा याच विचाराची होती. ऑस्ट्रेलियात कुटुंबांपासून तोडलेल्या मुलांविषयीचा अहवाल १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली.

भांडवलाच्या भाषेत या हानीचा हिशेब मांडताना थोडा अवघडलेपणा वाटतो, कारण मुलांच्या दुःखाला हिशेबाची भाषा शोभत नाही. तरीही तिच्यामुळे एक गोष्ट स्पष्ट होते. बूर्द्यूंच्या मते अंगी मुरणारे सांस्कृतिक भांडवल घरात, नकळत आणि खूप वेळ देऊन हस्तांतरित होते. शाळेने नेमका हा वेळच काढून घेतला. आजीकडून गोष्ट ऐकण्याची, वडिलांबरोबर जाळे टाकण्याची वर्षे गेली, आणि त्या बदल्यात बहुसंख्य समाजाची विद्याही धड मिळाली नाही, कारण बऱ्याच शाळांत अर्धा दिवस शेतीत, धुलाईत आणि स्वयंपाकघरात राबण्यात जाई. मुले घरी परतली ती दोन्हीकडून रिकामी होऊन. पुढे त्यांची स्वतःची मुले झाली, तेव्हा आईबापांनी मुलांशी कसे वागायचे, हे पाहण्याची संधीच त्यांना मिळालेली नव्हती. शाळा, डॉक्टर, सरकारी कार्यालय यांविषयीचा अविश्वास मात्र घराघरांत उतरला, आणि संस्थांवरील विश्वास हा तर सामाजिक भांडवलाचा पायाच.

शिक्षण घेतले की ही विषमता संपते का?

कमी होते, संपत नाही. आणि शिक्षणाची किंमतही सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. कॅनडाच्या १८७६ च्या इंडियन कायद्यात (इथे ‘इंडियन’ म्हणजे तिथले मूलनिवासी) अशी तरतूद होती, की एखाद्या मूलनिवासी व्यक्तीने विद्यापीठाची पदवी घेतली, किंवा ती डॉक्टर, वकील वा धर्मोपदेशक झाली, की तिचा ‘इंडियन’ हा कायदेशीर दर्जा आपोआप संपे. एका हाताने सांस्कृतिक भांडवल द्यायचे आणि दुसऱ्या हाताने समूहाचे सभासदत्व काढून घ्यायचे, असा हा सौदा होता. बाहेरच्या पुरुषाशी लग्न करणाऱ्या स्त्रीलाही आपला दर्जा गमवावा लागे, आणि हा नियम १९८५ पर्यंत टिकला.

आता असा कायदा उरलेला नाही, पण सौद्याची सावली आहे. महाविद्यालयात गेलेल्या मुलाला तिथे बोलण्याचा ढंग, शिक्षकाच्या डोळ्याला डोळा भिडवण्याचा संकेत, न विचारता मत मांडण्याची रीत नव्याने शिकावी लागते. काही समाजांत वडीलधाऱ्यांसमोर गप्प राहणे हाच आदर मानला जातो, आणि वर्गात त्याच गप्प राहण्याला ‘सहभाग कमी’ असा शेरा मिळतो. त्याच वेळी गावाकडे ‘हा आता आपला राहिला नाही’ अशी कुजबुज सुरू होते. शिकलेल्याला दोन्ही ठिकाणी आपली बाजू मांडत बसावे लागते. गुणपत्रिकेत हा खर्च कुठेच दिसत नाही.

जमीन आणि पैसा यांच्याशी या भांडवलाचा काय संबंध?

भांडवलाची रूपे एकमेकांत वळतात, पण त्यासाठी काही तरी तारण लागते. कॅनडाच्या इंडियन कायद्यातील ८९ व्या कलमानुसार राखीव भूमीवरील मूलनिवासी व्यक्तीची मालमत्ता समाजाबाहेरच्या सावकाराकडे गहाण टाकता येत नाही. हेतू जमीन वाचवण्याचा, परिणाम मात्र असा की घरासाठी किंवा धंद्यासाठी साधे कर्ज मिळवणेही जिकिरीचे होते. ज्या घराला पिढ्यानपिढ्या कर्ज मिळाले नाही, त्या घरात मुलांच्या शिक्षणावर खर्च करायला शिल्लकही पडत नाही.

मग जमीन विक्रीयोग्य करून टाकावी, असे सुचवणाऱ्यांनी अमेरिकेचा अनुभव पाहावा. १८८७ च्या डॉज कायद्याने जमातींच्या सामाईक जमिनी व्यक्तींच्या नावे वाटल्या आणि ‘उरलेली’ जमीन बाहेरच्यांना खुली केली. त्या वर्षी सुमारे १३.८ कोटी एकर असलेली जमातींची जमीन १९३४ पर्यंत सुमारे ४.८ कोटी एकरांवर आली. जमिनीबरोबर तिच्याभोवती उभी असलेली सामाईक कामे, सण आणि जबाबदाऱ्याही विरल्या.

या समाजांनी स्वतः काय उभे केले आहे?

बरेच काही, आणि बहुतेक ठिकाणी सरकारची वाट न पाहता. न्यूझीलंडमध्ये १८६७ पासून मूलनिवासी माओरींसाठीच्या सरकारी शाळांत इंग्रजी हेच माध्यम ठरले होते, आणि १९७० च्या दशकापर्यंत माओरी बोलणारी मुले अगदी थोडी उरली. तेव्हा समाजातील वडीलधाऱ्यांनी मार्ग काढला: भाषा येणाऱ्या आजीआजोबांनी लहान मुलांना दिवसभर सांभाळायचे आणि माओरीतच बोलायचे. पहिले ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेचे घरटे, १९८२ मध्ये सुरू झाले. मुलांची काळजी, भाषेचे हस्तांतरण आणि पालकांची संघटना या तिन्ही गोष्टी तिथे एकाच छपराखाली आल्या. ती मुले मोठी होऊ लागल्यावर पालकांनीच माओरी माध्यमाच्या शाळा उभ्या केल्या, आणि १९८७ मध्ये भाषेला अधिकृत दर्जा मिळाला. सामाजिक भांडवलातून सांस्कृतिक भांडवल कसे उभे राहते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

अमेरिकेत नावाहो समाजाने १९६८ मध्ये स्वतःचे महाविद्यालय काढले, आणि त्या वाटेने पुढे इतर जमातीही गेल्या. नॉर्वेत १९८९ मध्ये सामी या तिथल्या मूलनिवासी लोकांची निवडून आलेली संसद सुरू झाली. तिचे अधिकार मर्यादित आहेत, पण सरकारशी बोलायला एक कायमचे दार मिळाले.

भारतातील आदिवासींना ही चर्चा लागू पडते का?

बऱ्याच अंशी पडते. संयुक्त राष्ट्रांनी १३ सप्टेंबर २००७ रोजी मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ विरुद्ध ४ मतांनी संमत केला, तेव्हा भारताने बाजूने मत दिले. मात्र सर्वच भारतीय मूलनिवासी आहेत, ही सरकारची भूमिका कायम आहे. विरोधात मत देणारे चार देश होते ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड आणि अमेरिका. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात अनुसूचित जमातींचे प्रमाण ८.६ टक्के आहे, आणि त्यांचे साक्षरतेचे प्रमाण सुमारे ५९ टक्के, म्हणजे देशाच्या ७३ टक्क्यांहून बरेच खाली होते.

कोणाचे ज्ञान पुरावा म्हणून चालते, हा प्रश्न इथे वनहक्क कायद्यात थेट भेटतो. २००६ च्या या कायद्याखालील नियमांत तेराव्या नियमाने सरकारी कागदांबरोबरच विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळे यांसारख्या जुन्या खुणा आणि दावेदाराव्यतिरिक्त इतर वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब हेही पुरावे मानले आहेत. गिट्क्सान समाजाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन जे मिळवावे लागले, ते इथे नियमातच लिहिलेले आहे. पण नियमात लिहिलेले कार्यालयात पोहोचायला पुन्हा वशिलाच लागतो. कोणता नमुना भरायचा, नकाशा कोणाकडून काढून घ्यायचा, दावा फेटाळला तर अपील किती दिवसांत करायचे, हे सांगणारा माणूस गावात असेल तर दावा पुढे सरकतो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे एकमताने निर्णय घेणाऱ्या ग्रामसभेची आणि अभ्यास गटांची अनेक वर्षांची मेहनत होती. ओडिशातील नियमगिरीत २०१३ मध्ये डोंगरिया कोंधांसह तिथल्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला, तोही आधी न्यायालयापर्यंत पोहोचता आले म्हणून.

‘भांडवल’ हा शब्दच परका नाही का?

हा आक्षेप रास्त आहे. नदीला पूर्वज मानणाऱ्या समाजाच्या नात्यांना भांडवल म्हटले की ती विकाऊ भासू लागतात. तारा योसो यांनी २००५ मध्ये अमेरिकेतील वंचित समूहांच्या संदर्भात ‘सामुदायिक सांस्कृतिक संपत्ती’ची कल्पना मांडली, आकांक्षा, भाषा, कुटुंब, प्रतिकार आणि परक्या संस्थांमधून वाट काढण्याचे कसब यांना तिने भांडवलाचा दर्जा दिला. उणिवांची यादी करण्याच्या सवयीवर तो चांगला उतारा आहे. मात्र अशा संपत्तीचे गोडवे गाऊन थांबले, तर बँक आणि न्यायालय जिथल्या तिथेच राहतात, हेही लक्षात ठेवावे लागते.

हे भांडवल मोजायचे कसे?

नेहमीच्या पाहण्यांत किती संस्थांचे सभासद आहात, मतदान केले का, अनोळखी माणसावर विश्वास ठेवता का, असे प्रश्न असतात. भावाची चार मुले वाढवणारी, आजारी मावशीसाठी आठवडाभर राबणारी आणि गावाच्या अंत्यविधीत स्वयंपाक सांभाळणारी बाई या मोजपट्टीवर शून्याच्या जवळ येते, कारण ती कोणत्याच संस्थेची सभासद नसते. म्हणून मोजपट्टी कोणी तयार करायची, हा प्रश्न पुढे आला. कॅनडातील ‘फर्स्ट नेशन्स’ म्हणवणाऱ्या मूलनिवासी समाजांनी १९९८ मध्ये आपल्याविषयीच्या माहितीची मालकी, नियंत्रण, उपलब्धता आणि ताबा आपल्याकडे असावा, अशी चार तत्त्वे मांडली. न्यूझीलंडच्या सांख्यिकी विभागाने २०१३ मध्ये ‘ते कुपेंगा’ ही माओरींपुरती स्वतंत्र पाहणी प्रथम घेतली; आपल्या पूर्वजांचा डोंगर आणि नदी सांगता येते का, आपल्या सभास्थानाला कधी गेला होता, कुटुंबाचे बरे चालले आहे का, असे प्रश्न तिच्यात आहेत.